नुसतीच पहुडलेय

रविवारी दुपारी पोपट आला तो दारातूनच दोन गोष्टी मागत आला. "ताई, गादी तयार आहे ना? आणि आईची पिशवी भरून झाली?"

गादीवाली ओट्यावर बसून दाभणात दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही. केली असती तर हातातलं दाभण हातातच राहिलं असतं की नाही, सांगता येत नाही. गादी आणि आई. एकाच टेम्पोत घालून न्यायच्या दोन वस्तू. त्यातही आधी गादीची चौकशी, हे तिने बरोबर ऐकून ठेवलं.

पोपट म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणी एकदा ऐकलेलं घडाघडा म्हणून दाखवायचा, म्हणून पडलेलं नाव. पुढे तो भाषेचा प्राध्यापक झाला, चष्मा लागला, पोट सुटलं, कॉलेजात त्याला सगळे सर म्हणू लागले. पण या कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत तो पोपटच राहिला. कारखाना तरी कसला, रस्त्याला लागून एक लांबट खोली. पुढे शिवणकामाचा लाकडी ओटा, भिंतीशी कापसाची पोती, मागच्या अंगाला कापूस पिंजायची मशीन आणि तिच्या पलीकडे शिवून ठेवलेल्या खोळींचा ढीग. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तिथे ती आणि तिची आई राहायच्या. बहिणीला तिच्या खऱ्या नावाने गल्लीत कुणी हाक मारत नसे. गादीवाली म्हटलं की काम भागायचं. गिऱ्हाईक चुकून म्हणालंच की गादी जरा कडक झाली, तर ती विचारायची, "झोपायचंय की पोहायचंय?"

"गादी ती काय, भिंतीला उभी आहे," ती आता म्हणाली. "डोळे शाबूत आहेत ना?"

"चिडतेस कशाला? टेम्पोवाला तासाभरात येईल म्हणून विचारलं."

गादी पोपटाच्या सासूसाठी होती. त्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मोडतं, माणसाचं हाड आहे. गादीवालीला त्या म्हातारीबद्दल काडीचा आकस नव्हता. तिने ती गादी स्वतः भरली होती, कंबरेखाली कापूस दाबून दाबून, म्हणजे बाईला खड्डा जाणवायला नको. पण त्या गादीच्या उशाशी रात्रभर कुणीतरी बसायला हवं होतं. पाणी द्यायला, कूस वळवायला, भांडं लावायला. पगारी बायका ठेवून झाल्या, त्या सासूच्या आधी झोपायच्या. पोपटाला सकाळी कॉलेज, त्याच्या बायकोला ऑफिस. मग पोपटाच्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली.

"आईला तशीही झोप लागत नाही ना," तो फोनवर म्हणाला होता. "ती नुसती पहुडते. तिथे पहुडेल. तिला काय फरक पडतो?"

त्या फोनला आता आठवडा होत आला, पण गादीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती खाली उतरायचं नाव घेत नव्हती.

खोटं बोलला असता तर एक वेळ चाललं असतं. पण पोपट खरं बोलला होता. आईला झोप लागत नसेच. सगळी उमेदीची वर्षं तिने मोठ्या इस्पितळात आया म्हणून काढली, तीही रात्रपाळीत. दिवसा दोन पोरं सांभाळायची, रात्री तीसेक माणसांचा वॉर्ड. नवरा लवकर गेला, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. वॉर्डाच्या टोकाला एक लाकडी बाकडं होतं, त्यावर ती आडवी व्हायची आणि कुठल्याही खाटेवरून कण्हल्याचा आवाज आला की उठायची. नोकरी संपली, बाकडं सुटलं, कान काही सुटले नाहीत. घरात कधीही, कितीही हळू म्हणा, "आई." डोळे न उघडता उत्तर तयार. "हं, बोल. जागी आहे. नुसतीच पहुडलेय."

आईला झोप लागावी म्हणून गादीवालीने काय नाही केलं? लोकांना झोप विकणारी बाई, आणि हिच्याच घरात झोपेचा दुष्काळ. कडक गादी करून झाली, मऊ करून झाली, जाड, पातळ, दोन थरांची. उशा तर इतक्या बदलल्या की आई म्हणाली, आता डोकंच बदल. मग गादीवालीने आवाजावर दात धरला. जेवणानंतर मशीन बंद. गिऱ्हाइकं बोंबलली तरी बंद. दाराच्या फटीत कापूस कोंबला, घंटी काढून टाकली, समोरच्या पत्रेवाल्याशी इतकी भांडली की तो दुपारी हातोडी लपवून ठेवायला लागला. आईने खाली येऊन कामाला हात लावायचा नाही, वरच राहायचं, आडवं व्हायचं, अशी सक्त ताकीद. दुपारी वरच्या खोलीत अशी शांतता की मुंगी शिंकली तर कळावं. आणि त्या शांततेत तीन घरं पलीकडच्या कुणा पोराने आपल्या आईला हाक मारली, तरी ही उठून बसायची.

"तुला नाही बोलावलं कुणी," गादीवाली करवादायची.

"हो का? मला वाटलं," असं म्हणून आई पुन्हा पहुडायची.

पोपटाने खुर्ची ओढली आणि काखेतलं वर्तमानपत्र काढलं. "आई कुठेय? तिला दाखवायचं होतं. माझा लेख आलाय."

आई जिन्यावरून उतरतच होती. हातात पिशवी. गादीवालीला वाटलं होतं, पिशवी भरायला सांगायची नाही, म्हणजे भरली जाणार नाही. कुठलं काय. म्हातारीने आपली आपण भरली होती, वर बंद बांधून घट्ट गाठही मारली होती.

"बस, आई," पोपट म्हणाला. "ऐक, तुझ्यावर लिहिलंय."

लेखाचं नाव होतं 'पहुडणे'. पोपटाने घसा साफ केला आणि वाचायला लागला. वाचतो छान, ते मानलं पाहिजे. त्यात होतं की हा शब्द आता बोलण्यातून गेला, पण जुन्या कवितेत देव पहुडत, राजे पहुडत. निजणं वेगळं, झोपणं वेगळं, पहुडणं त्याहून वेगळं. झोपलेला माणूस जगाला पारखा होतो, पहुडलेला अंग टेकूनही जगाकडे लक्ष ठेवतो. त्याच्या मुळाबद्दल जाणत्यांचं एकमत नाही, कुणी एक धातू सांगतो, कुणी दुसरा. पण लेखकाला हा शब्द कोशातून मिळाला नाही. तो आईच्या ओठांवरून मिळाला. अक्षरओळख बेताची असलेल्या त्या माउलीकडे तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओव्यांमधून झिरपत आला असणार. माझी आई कधी झोपली नाही, ती पहुडली, देवादिकांसारखी.

"छान लिहितोस," आई म्हणाली. "देवादिक वगैरे."

गादीवालीने दाभण ओट्यात खुपसलं. "ओव्यांमधून झिरपला?"

"म्हणजे अंदाज आहे तो. अशाच वाटांनी शब्द..."

"आई, सांग त्याला. कुठून आला तो शब्द, सांग."

"अगं, जाऊ दे ना."

"सांगतेस की मी सांगू?"

आईने पिशवी मांडीवर घेतली. "मोठ्या सिस्टर होत्या ना, त्यांचा तो. पहिल्याच दिवशी आम्हा आयांना उभं करून म्हणाल्या, ड्यूटीवर झोपलेली दिसली तर घरी पाठवीन. पहुडलात तर माझी हरकत नाही. मला काही कळलं नाही. मी शेजारच्या बाईला विचारलं, हे पहुडणं काय असतं? ती म्हणाली, आडवं व्हायचं, पण हाकेला उठायचं. मला वाटलं, डॉक्टरी शब्द असेल. सलाईन, ड्रेसिंग, तसं पहुडणं." आई स्वतःशीच हसली. "चांगल्या होत्या सिस्टर. कविता वाचायच्या. वॉर्डात आल्या की म्हणायच्या, कोण कोण पहुडलंय? आणि आम्ही सगळ्या टुणकन उभ्या."

पोपटाला ही हकिगत नवी होती. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. गादीवालीला वाटलं, लागलं वाटतं याला. पण प्राध्यापकच तो. लगेच सावरला.

"पण बघ ना ताई, हे किती सुंदर आहे. देवांचा शब्द थेट आयांच्या बाकड्यापर्यंत आला. मी लेखाचा दुसरा भाग लिहीन."

"लिही ना. सुंदर आहे म्हणतो. मी सांगते तुला त्या शब्दाचं मूळ. कोश बंद कर आणि ऐक. पहारा आणि पडणं. पहाऱ्यावर पडायचं, त्याचं झालं पहुडणं."

पोपट खरंच हसला. "ताई, शब्द असे जुळवून होत नसतात गं. त्याला नियम असतात. पहारा कुठे, पहुडणं कुठे. असं कुणी म्हणालं तर परीक्षेत शून्य मिळेल."

"देऊन टाक शून्य. मी कुठे तुझ्या परीक्षेला बसलेय? तुझी परीक्षा व्हावी म्हणून मात्र बसले होते. तू आत अभ्यास करायचास तेव्हा मी याच ओट्यावर दुसऱ्या मालकाच्या गाद्या शिवत होते आणि ही सकाळी पाळी संपवून आली की तुझा डबा करत होती. तू कधी पाहिलीस तिला पहुडलेली? तू तेव्हा ढाराढूर असायचास."

हे बोललं की पोपट गप्प बसतो, हा तिचा आजवरचा अनुभव. या वेळी नाही बसला. नाकावरचा चष्मा सारून म्हणाला, "मी कुठे नाकारतोय? पण आत्ता अडचण आहे, ताई. घरचं माणूस आहे, आई आहे, तिला या कामाची सवय आहे. बाहेरच्या बाया झोपतात. आई झोपत नाही. आणि आईची हरकत नाही. विचार तिला."

गादीवालीने आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनवणी होती आणि दरडावणीही होती. "तुला जायचंय?"

"जायचंय असं नाही. पण त्याला नड आहे."

"मग नाही म्हण."

"नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं गं. हात धड, पाय धड. तुझ्यासारखं दुकान नाही मला." आई बोटाने पिशवीच्या गाठीशी खेळत होती. "एक दिवस जरी मला धड झोप लागली असती, तर म्हटलं असतं, बाबा रे, माझी झोपमोड होईल, मी नाही येत. नसलेल्या झोपेची मोड कशी व्हायची? इथेही पहुडायचं, तिथेही पहुडायचं."

"ऐकलंस?" पोपट म्हणाला.

ऐकलं की. गादीवालीने सगळं ऐकलं, आणि आता आणखी ऐकायचं तिच्या जिवावर आलं. पोपटाला काही बोलावं तर तो त्यातून लेख काढणार. आईला बोलावं तर ती जाऊ दे म्हणणार. तिला दोघांचाही राग आला, आणि खरं सांगायचं तर आईचा जास्त आला. अगं, एकदा तरी ओरड. एकदा तरी म्हण, मला नाही जमत. सगळं आयुष्य बाकड्याच्या कडेवर काढलं आणि आता मुलगा दुसरं बाकडं घेऊन आला, तर ही पिशवीला गाठ मारून बसली. आणि आपण हिच्यासाठी जगाशी भांडतोय. पत्रेवाला आपल्याला चेटकीण म्हणतो तो कुणासाठी?

ती ओट्यावरून उतरली, तरातरा मागे गेली, तोंडाला रुमाल बांधला आणि मशीनचा खटका खाली ओढला.

त्या मशीनचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. पट्टा फिरायला लागतो, काटेरी ढोल घरघरतो, आणि मग खोलीत दुसरं काही शिल्लक राहत नाही. बोलणं नाही, ऐकणं नाही. रविवारी ती कधीच मशीन लावत नसे. आज लावली, ती कुणाचं काही ऐकून घ्यायचं नव्हतं म्हणून. कापसाचा मोठा गठ्ठा तिने उचलला आणि मशीनच्या तोंडाशी घातला.

पोपट उठून जवळ आला, काहीतरी बोलला. तिने कानाकडे बोट दाखवलं. तो मोठ्याने बोलला. तिने पुन्हा कान दाखवला. तो आईकडे वळून बोलला, तर आईनेही हसून कान दाखवला. मग कपाळाला आठ्या घालून तो बाहेर पायरीवर जाऊन बसला आणि टेम्पोवाल्याला फोन लावायला लागला. बाहेर बसून तरी ऐकू येणार होतं का कुणास ठाऊक. बस म्हणावं तिथेच.

आई थोडा वेळ नुसती बसून होती. रिकामं बसणं तिला कधी जमलं नाही. ती उठली, मशीनच्या पलीकडे गेली आणि खोळी उलगडून नीट घड्या घालायला लागली. एरवी गादीवालीने तिला ओरडून वर पाठवलं असतं. आज ओरडून उपयोग नव्हता आणि ती बोलणारही नव्हती. कर, म्हणावं. तिथे जाऊन भांडं लावणार आहेस, इथे घड्या घाल. तिने आईकडे पाठ केली आणि कापूस घालत राहिली.

राग असला की काम भराभर होतं. एक पोतं संपलं, दुसरं फोडलं. रुमालाच्या आत ती बोलत होती, मोठमोठ्याने, पोपटाला जे जे म्हणायचं होतं ते सगळं. देवादिकांसारखी म्हणे. देवाला रात्री कुणी भांडं द्यायला उठवतं का? देव पहुडतो तेव्हा पाय चेपायला कुणीतरी असतं रे शहाण्या. आमच्या आईचे पाय कुणी चेपले? इतकं बोलून ती दमली, पुढचा गठ्ठा घ्यायला वळली, आणि तिचा हात हवेत राहिला.

आई खोळींच्या ढिगावर पडली होती. अर्धी घातलेली घडी छातीवर, एक हात लोंबकळलेला, चप्पल एका पायातून निसटलेली, तोंड उघडं.

गादीवालीने तोंडावरचा रुमाल खाली ओढला. पहिला विचार तोच आला जो येऊ नये. ती धावत गेली, गुडघ्यावर बसली, आईच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता. गरम होता, लांब होता. गळ्यावर हात ठेवला तर गळा थरथरत होता. घोरत होती. बाई घोरत होती. मशीनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, पण हाताला कळत होतं.

तिने आईच्या कानाशी तोंड नेलं. "आई."

काही नाही.

"आई," ती जरा जोरात म्हणाली. आईची पापणीसुद्धा हलली नाही.

मग गादीवालीला कळलं, आणि कळलं तेव्हा स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. शांतता. दोन वर्षं तिने या बाईला शांततेत कोंडलं होतं. दारं बंद, घंटी बंद, पत्रेवाला बंद. आणि शांततेत काय होतं? शांततेत हाक ऐकू येते. वॉर्डात शांतता असायची तेव्हाच कान टवकारून पडायचं असायचं. या गोंगाटात कुणी कितीही बोलावलं तरी पोचणार नाही, हे त्या कानांना कळलं आणि त्यांनी पहारा सोडला. ज्या मशीनचा आवाज नको म्हणून तिने गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, तीच मशीन आईला जोजवत होती. अकलेचा कांदा एकटा पोपट नव्हता. घरात दोन होते.

रडावं की हसावं हे ठरवायला वेळ नव्हता. मशीनच्या तोंडातला कापूस संपला, तशी ती रिकामी फिरायला लागली. रिकामी मशीन घरघरत नाही, खडखडते. अध्येमध्ये आवाज फाटतो. आईच्या कपाळावर आठी आली. बोटं हलली.

गादीवाली उठली आणि हाताला लागला तो कापूस मशीनमध्ये ढकलला. आवाज पुन्हा सलग झाला. आठी गेली. तिने पोत्यांकडे पाहिलं. दुसरं पोतं तळाला गेलं होतं आणि नवीन माल उद्या यायचा होता.

तेवढ्यात दारात सावली आली. पोपट, आणि त्याच्या मागे टेम्पोवाला. टेम्पोवाल्याने भिंतीला उभी गादी पाहिली, ती उचलायला हात पुढे केले. पोपटाने इकडे तिकडे आई शोधली, मग ढिगावर पाहिली. त्याचा चेहरा पांढरा पडला. जो भलता विचार बहिणीच्या मनात आला, तोच त्याच्याही आला असणार. तो धावत आला आणि खांद्याला धरून आईला हलवायला वाकला.

गादीवालीने त्याचं मनगट पकडलं. गाद्या दाबून दाबून झालेला हात तो. पोपट कळवळला. तिने त्याचा तोच हात ओढून आईच्या गळ्यावर ठेवला. त्याला थरथर कळली. चेहऱ्यावर रंग आला, आणि रंगाबरोबर घड्याळही आठवलं. त्याने टेम्पोकडे बोट केलं, घड्याळाकडे केलं, मग समजुतीचा चेहरा करून मशीनच्या खटक्याकडे निघाला. आवाज बंद झाल्याशिवाय बोलता येत नाही ना माणसाला.

ती खटक्यासमोर जाऊन उभी राहिली. मानेने नाही म्हणाली. तो बाजूने गेला, तीही बाजूला झाली. तो काहीतरी बोलत होता, हातवारे करत होता. शब्दांचा एवढा जाणकार, पण एक शब्द कामाला येत नव्हता. आणि मशीन पुन्हा खडखडायला लागली.

आईने कूस बदलली. ओठ हलले, हं म्हणायला हलतात तसे.

गादीवालीने ओट्यावरची कात्री उचलली. टेम्पोवाला दोन पावलं मागे सरला. त्याला दोष देता येणार नाही, तिचा चेहराच तसा होता. पण ती त्याच्याकडे गेली नाही, गादीकडे गेली. खुब्याला खड्डा जाणवू नये म्हणून स्वतः दाबून भरलेली, कडेने टाके घातलेली ती गादी तिने जमिनीवर आडवी पाडली, कात्रीचं टोक शिवणीत घातलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडली. दोन्ही हात आत घालून कापूस उपसला. छातीशी कवळा भरून आणला आणि मशीनमध्ये घातला. पुन्हा गेली, पुन्हा आणला. आवाज सलग झाला, जड झाला, खोली भरून राहिला.

पोपट तोंड उघडं टाकून बघत होता. त्याच्या केसांवर, चष्म्यावर, लेखाच्या कागदावर कापूस बसत होता. रिकामी झालेली खोळ तिने झटकली, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. सासूबाईंची गादी ती उद्या पुन्हा भरून देणार होती, चांगली, पहिल्यापेक्षा चांगली. गादीच देणार होती. मग आईची पिशवी उचलली, दातांनी गाठ सोडली आणि आतलं सगळं ओट्यावर ओतलं. दोन कपडे, कंगवा, औषधाची डबी, आणि इस्पितळातला जुना टॉर्च. रात्री खाटांमधून फिरताना लागतो तो. म्हातारी टॉर्च घेऊन निघाली होती.

पोपटाने टॉर्च पाहिला. खूप वेळ पाहिला. गादीवालीला वाटलं, आता जाईल. पण तो गेला नाही. खोळ काखेत धरून तो आईपाशी गेला, उकिडवा बसला आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. झोपलेली आई त्याने उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

मग त्याचे ओठ हलले. गादीवाली कापूस घालता घालता त्याच्याकडे बघत होती. ऐकू काही आलं नाही, पण एवढासा शब्द, ओठांवरून कळला. आई. त्याने पुन्हा म्हटलं. आई.

आईने हं म्हटलं नाही.